हात वर

बाईंना माझा चेहरा कधी लक्षात राहिला नाही. वर्षभर मी त्यांच्या शिवणक्लासला जात होते, त्यांची बोलणी खात होते, त्यांच्या डब्यातली जवसाची चटणीसुद्धा खात होते. तरी बारामतीच्या मंडईत समोरासमोर गाठ पडली की त्या ओळख न दाखवता बाजूनं निघून जायच्या. पाठमोरी दिसले की मात्र लांबून हाक यायची, "ए शेळगाव, उजवा खांदा उतरता!" मेथीची जुडी हातात धरलेल्या बायका माझ्या खांद्याकडं बघायच्या. मग मीपण बघायची. माझा उजवा खांदा उतरता आहे हे नवऱ्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, ते सगळ्या मंडईला कळलं.

शेळगाव माझं माहेर, सासर काटेवाडी. बाई कुणालाच नावानं हाक मारत नसत. माहेरचं गाव आणि खांद्याची तऱ्हा, एवढ्यावर त्यांचं काम भागायचं. आमच्यात एक 'सुपे, खांदे पुढं' होती, एक 'इंदापूर, मान आखूड' होती. इंदापूरवालीला ह्याचा फार राग यायचा. पण बाईंचं म्हणणं असं की नाव आईबापानं ठेवलेलं असतं, खांदा आपला स्वतःचा असतो, मग कशानं हाक मारायची?

क्लास खतं-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर होता. खाली युरियाची पोती, वर आम्ही. संध्याकाळी घरी आले की आमचे हे नाक वर करून विचारायचे, आज ब्लाउज शिवलास का फवारणी केलीस? माडीवर पायमशिनी होत्या, एक लांब फळी होती, आणि खिडकीला आडवी दोरी बांधलेली होती. त्या दोरीवर आमच्या फसलेल्या बाह्या ओळीनं लटकवलेल्या असायच्या. फुलाफुलांच्या, चौकड्याच्या, एक माझ्या सासऱ्यांच्या जुन्या धोतराची. वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या. नवीन आलेल्या बाईला वाटायचं विकायला ठेवल्यात. त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्या होत्या, आणि जास्त कापड वाया घालवणारी म्हणून खालचा दुकानदारही मला ओळखायला लागला होता.

बाईंच्या तोंडात शिकवण्याचे शब्द दोनच. एक 'उसव' आणि दुसरा 'बसली'. बाही चुकली की 'उसव'. थोडी चुकली तरी 'उसव'. बरी झाली, पण टीप शेवटाला जरा तिरकी गेली, तरीही 'उसव'. आणि बाही खरंच अंगावर बसली, तर 'बसली'. शाब्बास नाही, छान नाही, पाठीवर हात नाही. 'बसली' म्हणून त्या दुसरीकडं वळायच्या. ज्या बाईला हा शब्द मिळायचा ती त्या दिवशी घरी जाताना पेढे घेऊन जायची. आमच्या घरी पेढे आले नाहीत.

मी ह्या फंदात पडले ती माझ्या तोंडामुळं. माझी धाकटी बहीण सारिका, तिचा साखरपुडा इंदापूरला झाला. जेवणं झाल्यावर मावश्या, आत्या, चुलत्या सगळ्या पानं खात बसल्या होत्या आणि लग्नाचा ब्लाउज कुणाकडं टाकायचा ह्यावर बोलणं चाललं होतं. एकीनं पुण्याचा टेलर सांगितला, दुसरीनं त्याहून महागाचा. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "कुणाकडं कशाला टाकायचा? मी शिवते की." तोवर मी आयुष्यात उशांचे अभ्रे आणि परकर शिवले होते. ज्याला हात नसतात ते सगळं मला यायचं.

पण ते सगळं मी नुसतं मिरवायला बोलले असं नाही. सारिकाचा डावा खांदा लहानपणी मोडला होता. उसाच्या ट्रॉलीवरून पडली, गावातल्या हाडवैद्यानं बांधला, तो वाकडाच जुळला. डावा खांदा उजव्यापेक्षा वर आणि आखूड. त्यामुळं कुठल्याही टेलरनं शिवलेला ब्लाउज तिला डाव्या बाजूनं आवळायचा आणि हात छातीच्या वर जायचा नाही. टेलर माप एका बाजूचं घेतात आणि बाह्या दोन कापतात. पोरगी लहानपणापासून ओढणी नाहीतर पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घ्यायला शिकली. कडक उन्हाळ्यातसुद्धा.

मुलाकडच्यांना आम्ही सगळं आधीच सांगितलं होतं. मुलगा चांगला होता. म्हणाला, त्यात काय, हार घालताना मी वाकीन. आम्हाला केवढं बरं वाटलं. सारिकाला वाटलं नाही. साखरपुड्याच्या आदल्या रात्री चुलीपाशी भांडी आवरताना ती मला हळूच म्हणाली, "ताई, त्यांनी वाकायचं न्हाय. आमच्याकडं पोरं नवरदेवाला उचलून धरत्यात, तसंच धरू देत. मला माझा हात वर करायचाय. हाराला तरी." म्हणून मी त्या मावश्यांच्या पुढं तोंड उघडलं होतं. पुण्याच्या टेलरला हे कोण समजावून सांगणार होतं? आता ते मला जमायला हवं होतं, आणि मला साधी सरळ बाहीसुद्धा जमत नव्हती.

बाहीचं असं असतं की ती दिसायला सोपी दिसते. एक कापडाचा तुकडा, वर गोल, खाली सरळ. पण तिला पुढचं आणि मागचं असतं. पुढची गोलाई जरा खोल घ्यायची असते, मागची कमी. म्हणजे डावी बाही वेगळी, उजवी वेगळी. मला हे सांगितलं होतं. मान हलवून मी ते ऐकलंही होतं. आणि मग आमच्या ह्यांच्यासाठी मोठ्या हौसेनं सदरा कापला तो कापडाची घडी घालायचं विसरून, दोन तुकडे सुलटेच एकावर एक ठेवून. दोन्ही बाह्या उजव्या झाल्या. शिवून झाल्यावर डावीकडची बाही अशी पिळवटली की हात आपोआप मागं जायचा. बाईंनी सदरा उलटा केला, सुलटा केला, मग माझ्याकडं, म्हणजे माझ्या खांद्याकडं, बघून म्हणाल्या, "उसव."

मी मुद्दाम उसवला नाही. ह्यांनी तो घातला आणि सकाळी डेअरीला दूध घालायला गेले. डावा हात मागं, उजव्या हातात कॅन. लोकांनी विचारलं, काय पाटील, हाताला काय झालं? तर हे म्हणाले, "काय न्हाय, लोकान्ला एक उजवा हात असतोय, आमच्या हिनं मला दोन दिल्यात." काटेवाडीत अजूनही मला कुणी नवीन कापड शिवायला देत नाही, ते त्या सकाळपासून.

बाई बाहीची परीक्षा उभ्यानं घेत नसत. टेलरच्या आरशापुढं उभं राहून कुणाचीही बाही बसते, असं त्यांना वाटायचं. म्हणून शिवलेलं अंगात घालायचं आणि बाई सांगतील ते करायचं. भाकरी थाप. धार काढ. फळीवरचा डबा काढ. एसटीचा दांडा धर. आम्ही माडीवर रिकाम्या हवेत भाकऱ्या थापायचो, नसलेल्या म्हशीची धार काढायचो, आणि खालून कुणी गिऱ्हाईक वर डोकावलं तर जिन्यातूनच परत जायचं. शेवटची परीक्षा एकच. बाई अचानक, कुठंही, काहीही चाललेलं असलं तरी ओरडायच्या, "हात वर!" आणि जिथं असू तिथं दोन्ही हात सरळ वर. मग त्या मागून येऊन काखेत बघायच्या. बाही ओढली, ब्लाउज कमरेतून उचलला, की 'उसव'.

ह्या 'हात वर'ची इतकी सवय लागली होती की घरी टीव्हीवर पोलीस चोराला म्हणाला तरी माझे हात वर जायचे. एकदा सासूबाईंच्या हातात चहाची बशी देताना टीव्हीतल्या पोलिसानं ओरडायला आणि माझे हात वर जायला एकच गाठ पडली. चहा कुठं गेला ते सांगत नाही. सासूबाई त्यानंतर टीव्ही बंद करून चहा मागायला लागल्या.

बाईंचं वेड क्लासापुरतं नव्हतं. सुईदोरा कायम त्यांच्या ब्लाउजच्या काठाला टोचलेला असायचा. त्यांच्या स्वतःच्या बाह्या कोपरापर्यंतच्या, जुन्या वळणाच्या, साडीशी कधीच न जुळणाऱ्या. एकदा मी त्यांच्याबरोबर इंदापूरच्या एसटीत होते. कंडक्टर बाई होती, आणि तिनं तिकीट द्यायला हात उचलला की गणवेशाच्या काखेतली शिवण हसायची. बाई तिकीट घ्यायच्या सोडून काखेकडंच बघत बसल्या. मग म्हणाल्या, "बस हितं." कंडक्टरबाईंनी आधी वाद घातला, ड्यूटीवर आहे म्हणाल्या, पण बाईंच्या समोर वाद घालून उपयोग नव्हता, कारण बाई समोर नव्हत्याच, मागं जाऊन उभ्या राहिल्या होत्या. अंगातल्या अंगात शिवणं चांगलं नसतं म्हणून माझी शाल तिच्यावर टाकली, शर्ट काढून घेतला, आणि रस्त्यातले खड्डे चुकवत बाईंनी टीप घातली. तिकिटं? ती मी फाडली. एका आजोबांना अर्ध्याऐवजी पूर्ण दिलं, एका पोराला पूर्णऐवजी अर्धं, आणि इंदापूर येईपर्यंत सगळी गाडी माझ्यावर रागावली होती. कंडक्टरबाई मात्र उतरताना दोन्ही हात वर करून दाखवून गेल्या.

माप घेतानाही बाई नेहमी मागं उभ्या राहायच्या. पुढून माप घेतलेलं त्यांना चालायचंच नाही. आम्ही त्यावर खूप हसायचो. सुपेवाली म्हणायची, बाईंना लाजच वाटत असेल माणसाच्या तोंडाकडं बघायची. मला वाटायचं, म्हातारपणाचं खूळ. मी काय केलं, मी माप घ्यायला पुढून शिकले. समोर उभं राहिलं की गप्पा मारता येतात.

लग्नाची तारीख ठरली तेव्हा मी सारिकाला क्लासला घेऊन आले. ती पदर ओढून जिन्यात उभी राहिली, वर यायलाच तयार नाही. बाई खाली गेल्या, तिच्या मागं उभ्या राहिल्या, काही न विचारता पदर बाजूला केला आणि डाव्या खांद्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मला वाटलं, आता ह्या मोठ्यानं काहीतरी म्हणतात आणि ही पोरगी पुन्हा घराबाहेर पडायची नाही. बाईंनी तिचं डावं कोपर धरलं आणि हळूहळू हात वर नेला. छातीपर्यंत. खांद्यापर्यंत. तिथं ब्लाउज आवळला, सारिका 'आई गं' म्हणाली. बाईंनी काखेतली शिवण सुईच्या टोकानं वीतभर मोकळी केली आणि पुन्हा हात वर नेला. हात कानापर्यंत गेला.

"हात जातोय की गं," बाई म्हणाल्या. "कापड जात न्हाय."

सारिका आपल्या हाताकडं बघत राहिली. जिन्यात खताचा वास, खाली पोती उतरवणाऱ्या माणसांचा आरडाओरडा, आणि ही त्या सगळ्यात हात वर करून उभी. मला हुंदका आला तो मी खोकला म्हणून खपवला.

नंतर बाईंनी मला शिकवलं की लोक हात मोकळा राहावा म्हणून मुंढा, म्हणजे बाही जोडायचं ते भोक, मोठं कापतात, आणि तिथंच फसतात. मुंढा मोठा केला की हाताबरोबर सगळा ब्लाउज उठतो. मुंढा काखेच्या जवळ हवा आणि कापड बाहीत हवं. सारिकाचं डावं माप निराळं, उजवं निराळं, दोन बाह्या दोन वेगळ्या माणसांच्या असल्यासारख्या कापायच्या. मी सगळं नीट ऐकलं. आणि ह्या वेळी खरंच ऐकलं होतं, देवाशपथ. माहेरी जाऊन सारिकाला अंगणात समोर उभं केलं, लग्नाच्या गप्पा मारत माप घेतलं, खडूनं कापडावर 'डा' आणि 'उ' लिहिलं.

बस्त्याच्या वेळी मी हौसेनं एकाच ताग्यातलं हिरवं कापड दोघींसाठी घेतलं होतं. तिचा ब्लाउज आणि माझा ब्लाउज, दोन्ही मीच शिवणार. माझ्या ब्लाउजच्या शिवणीत भरपूर कापड दाबून ठेवलं, पुढं अंगात भरले तर असावं म्हणून. म्हणजे 'तर' नव्हतंच, भरतच होते.

हळदीच्या दिवशी सकाळी शेळगावात घरभर पाहुणे. मी सारिकाला आतल्या खोलीत घेऊन गेले, दार लावलं, आणि तिला ब्लाउज घातला. उजवी बाही तिच्या दंडावर सैल लोंबत होती. डावी अशी आवळली होती की हूकसुद्धा लागेना. मी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग चूक कळली. समोर उभं राहून मी माझ्या डाव्या बाजूला जो खांदा दिसला त्याच्या मापाला 'डा' लिहिलं होतं. तो तिचा उजवा होता.

सारिका रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं ब्लाउज काढला, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाली, "जाऊ दे ताई. मी शेला दोन्हीकडून घेते. ते वाकतो म्हणलेत." मला त्या क्षणी भुईत गाडून घ्यावंसं वाटलं. एवढ्या सगळ्या बायकांपुढं मारलेल्या बढाया आठवल्या, पण त्याचं काही नव्हतं. तिनं ती घडी किती सवयीनं घातली, ते बघवलं नाही.

मी गोठ्यामागं जाऊन बाईंना फोन लावला. बाई फोन कानाला लावत नसत, तोंडासमोर धरून त्यात ओरडायच्या.

"कोन?"

"शेळगाव, बाई. उजवा खांदा उतरता." आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःची अशी ओळख सांगितली. मग काय झालं ते सांगितलं.

"उसव," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

दुपारची एसटी शेळगावच्या फाट्यावर थांबली आणि तिच्यातून बाई उतरल्या. पिशवी नाही, आहेर नाही, ब्लाउजच्या काठाला सुई. अंगणात हळद चालली होती. कुणीतरी त्यांच्या गालाला हळद लावायला गेलं तर त्यांनी तिला वळवलं, पाठीकडून बघितलं आणि सांगितलं की तुजी डावी बाही उलटी लागलीय. ती माझी पुण्याची मावशी होती. पुण्याच्याच टेलरनं शिवलेला ब्लाउज होता. ह्या एका गोष्टीचा आनंद मी त्या दिवशीही लपवू शकले नाही.

आतल्या खोलीत बाईंनी दोन्ही बाह्या उसवल्या. उसवताना त्या फार सुखी दिसायच्या. मग कापड मांडीवर घेऊन त्यांनी हिशेब केला. बाह्यांची नुसती अदलाबदल चालणार नव्हती, पुढची गोलाई मागं गेली असती. डाव्या मुंढ्याला कापड कमी पडत होतं आणि ताग्यातलं कापड शिल्लक नव्हतं. काखेत एक चौकोनी कळी घालायला हवी होती, म्हणजे हात उचलला की ती कळी उघडेल आणि ब्लाउज जागेवर राहील. तळहाताएवढं कापड. बाईंनी इकडंतिकडं बघितलं, मग खुंटीवरचा माझा ब्लाउज काढला, त्याच्या काखेतली शिवण उसवली, आणि मी अंगात भरण्यासाठी दाबून ठेवलेलं सगळं कापड कापून घेतलं. माझा ब्लाउज त्यांनी कच्च्या धावदोऱ्यानं कसाबसा जोडला.

"तुजं लगीन न्हाय," त्या म्हणाल्या. "उद्याचा दिस हात खाली ठिव."

मला वाटलं, आता बाई शिवणार. त्यांनी मशीन माझ्याकडं सरकवलं. मी म्हटलं, बाई, तुम्हीच शिवा, ह्या वेळी तरी. त्यांनी सारिकाला उभं केलं, माझ्या दंडाला धरून मला तिच्या मागं उभं केलं. तिथून बघितलं तर तिचा डावा खांदा माझ्या डाव्या हाताला होता. इतकं सरळ होतं ते.

"समोर उभं ऱ्हायलं की मानसाचं उलटंच दिसतंय," बाई म्हणाल्या. "भन हाय न्हवं तुजी? मग मागं उभी ऱ्हा तिच्या."

मी माप घेतलं. कळी लावली, बाही कच्च्या टाक्यानं जोडली, मग मशीनवर टीप घातली. बाहेर हळदीची गाणी चालली होती. बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या, एकदाही उसव म्हणाल्या नाहीत. सारिकानं ब्लाउज घातला. हात वर गेला, बराच वर. मी बाईंच्या तोंडाकडं आशेनं बघितलं.

"उद्या बघू," बाई म्हणाल्या. "उभ्यानं कुनाचीबी बसतीय."

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या मंगल कार्यालयात मी दोन्ही कोपरं पोटाशी दाबून फिरत होते. अक्षतासुद्धा मनगटातून टाकल्या. आमचे हे म्हणाले, आज काय कोंबडी झालीस का? मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट निघाला, ताशा वाजायला लागला, आणि आमच्याकडं होतं तेच झालं. नवरदेवाच्या मित्रांनी त्याला मांड्यांना धरून उचललं. तो वाकायला बघत होता बिचारा, पण पोरांनी त्याला ताठ वर धरलेलं. सारिका हार घेऊन उभी. शेला दोन्ही खांद्यांवरून घट्ट. तिनं हार छातीपर्यंत उचलला आणि तिथंच थांबली. पोरं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, खाली घ्या रे त्याला. मी तिच्या मागंच उभी होते. तिची मान खाली जाताना मला दिसली, आणि मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून, ताशाच्याही वरून आवाज आला.

"हात वर!"

सारिकाचे हात वर गेले. दोन्ही. शेला घसरून पाठीवर पडला, डावा खांदा सगळ्या इंदापुराला दिसला, आणि हात कानाच्याही वर, नवरदेवाच्या फेट्यापर्यंत गेले. हार गळ्यात पडला. ती कळी काखेत उघडली ती मला मागून स्वच्छ दिसली, हिरवी, तळहाताएवढी. ब्लाउज तसूभर हलला नव्हता.

आणि माझेही हात वर गेले होते. सवय, दुसरं काय. चर्र करून आवाज झाला आणि काखेपासून कमरेपर्यंत वारा लागला.

बाई गर्दीतून वाट काढत आल्या. नवरीच्या मागं उभ्या राहिल्या, वाकून डाव्या काखेत बघितलं, सावकाश.

"बसली," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडं वळल्या. मी एक हात काखेत दाबून धरला होता आणि डोळ्यांतनं पाणी थांबत नव्हतं.

"तुला न्हवतं म्हनलं," बाई म्हणाल्या, आणि जेवायला गेल्या.

क्लास आता बंद झालाय. बाईंची नजर गेली, त्या सुप्याला भाच्याकडं असतात. मागं भेटायला गेले तर म्हणाल्या, कोन ते? मी काही न बोलता त्यांच्यासमोर बसले. मग आठवलं, उठले आणि पाठ करून बसले. त्यांचा हात उजव्या खांद्यावर आला, थोडा चाचपला. "शेळगाव," त्या म्हणाल्या. "जास्तच उतारलाय की गं आता."

त्या लग्नातला एक फोटो माहेरी भिंतीवर आहे. नवरदेव वर उचललेला, सारिकाचे दोन्ही हात वर, शेला खाली. तिनं तो फोटोत उचललेला नाही, आणि त्यानंतर कधी दोन्ही खांद्यांवरून घेतलेलाही नाही. तिच्या मागं मी, तोंड वेडंवाकडं करून रडतेय. आलेलं माणूस विचारतं, बहीण सासरी चालली म्हणून एवढं वाईट वाटलं होय? मी हो म्हणते. ब्लाउज फाटला होता असं कुठं सांगत बसायचं. आणि खरं सांगायचं तर त्यासाठीही रडत नव्हते. बाई 'बसली' म्हणाल्या होत्या, आणि ती बाही मी शिवली होती.